सुरक्षेचं बिल बायकांच्या नावावर

जुलै २०२५ मध्ये मुंबईत तीन आठवड्यांच्या आत तीन गोष्टी घडल्या. १० जुलैला विधानसभेने आणि ११ जुलैला विधान परिषदेने महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं. २१ जुलैला मुंबई उच्च न्यायालयाने २००६ च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यातल्या बाराही जणांना निर्दोष सोडलं. त्यातल्या पाच जणांना खालच्या न्यायालयाने फाशी सुनावली होती. ३१ जुलैला विशेष एनआयए न्यायालयाने २००८ च्या मालेगाव स्फोटातल्या सातही आरोपींची निर्दोष मुक्तता केली. एका प्रकरणाला एकोणीस वर्षं लागली, दुसऱ्याला जवळपास सतरा. विधान परिषदेने ज्या दिवशी नव्या कायद्यावर मोहोर उठवली तो ११ जुलै, म्हणजे लोकलमधल्या स्फोटांचाच स्मृतिदिन. जुन्या कडक कायद्याखाली उभा केलेला खटला कोसळायला दहा दिवस उरले होते आणि आपण नवा कडक कायदा करत होतो.

पुढचे पंधरा दिवस वाहिन्यांवर जे चाललं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. कोणाला कुठला निकाल पटला यावरून तो कुठल्या पक्षाचा मतदार आहे ते सांगता यावं, अशी अवस्था होती. सर्वोच्च न्यायालयाने २४ जुलैला लोकल स्फोटांच्या निकालाला मर्यादित स्थगिती दिली: सुटलेल्यांना परत तुरुंगात टाकायचं नाही, पण हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायचा नाही. त्यावरही दोन्ही बाजूंनी पेढे वाटण्याइतका उत्साह दाखवला. या गदारोळात एक साधा प्रश्न कोणी विचारला नाही. एवढी वर्षं आरोपींची घरं चालवली कोणी? आणि ज्यांची माणसं स्फोटात गेली, त्यांची?

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. दहशतवादविरोधी कायद्यांचा मोठा भार बायकांवर आणि त्यांच्या पाठीशी उभ्या राहणाऱ्या संस्थांवर पडतो. हा भार चुकून पडत नाही. कायद्यांच्या बांधणीतच त्याची सोय आहे. आणि एवढं सोसून पदरात सुरक्षितता पडते का, तर तीही धड पडत नाही.

आधी समोरच्याची बाजू घेऊ, कारण ती हलकी नाही. दहशतवाद म्हणजे काय हे मुंबईकराला कोणी शिकवायला नको. १२ मार्च १९९३ ला २५७ माणसं गेली. डिसेंबर २००२ मध्ये घाटकोपर, ऑगस्ट २००३ मध्ये गेटवे आणि झवेरी बाजार, २००६ मध्ये संध्याकाळच्या गर्दीत पश्चिम रेल्वेवर सात स्फोट आणि १८० हून अधिक मृत्यू, २६/११ ला १६६, आणि १३ जुलै २०११ ला पुन्हा झवेरी बाजार, ऑपेरा हाऊस, दादर. दादरच्या कबुतरखान्याजवळून रोज जाणाऱ्या माणसाला मानवी हक्कांवर व्याख्यान दिलं तर तो म्हणेल, 'तुमचं सगळं खरं, पण बॉम्ब ठेवणाऱ्याला धरायचं कसं ते सांगा.' हा प्रश्न रास्त आहे. उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही.

२६/११ चा खटला आठवा. कसाब नोव्हेंबर २००८ मध्ये पकडला गेला, ३ मे २०१० ला दोषी ठरला. दीड वर्षात. खटल्यात यूएपीए या केंद्राच्या दहशतवादविरोधी कायद्याची कलमं होती, पण शिक्षा उभी राहिली ती साक्षीपुराव्यावर: सीएसटी स्थानकातले कॅमेरे, वृत्तछायाचित्रकारांनी जीव धोक्यात घालून काढलेले फोटो, प्रत्यक्षदर्शी. त्यांच्यात पायात गोळी लागलेली एक दहा वर्षांची मुलगी होती, जिने कुबडी घेऊन न्यायालयात येऊन त्याला ओळखलं. त्याच खटल्यातल्या दोन भारतीय आरोपींविरुद्ध पुरावा टिकला नाही, ते सुटले आणि सर्वोच्च न्यायालयानेही ते सुटणं कायम ठेवलं. न्यायालय असं काम करतं. आता लोकल स्फोटांचा खटला पाहा. तिथे मकोका हा संघटित गुन्हेगारीविरुद्धचा राज्याचा कायदा लावला. या कायद्याच्या अठराव्या कलमानुसार पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालतो. सामान्य कायद्यात १८७२ पासून तो चालत नाही, कारण इंग्रजांनाही आपल्या पोलिसांची पारख होती. खटल्याचा डोलारा बऱ्याच अंशी या कबुलीजबाबांवर उभा राहिला आणि उच्च न्यायालयात त्यांच्यासकट कोसळला. ते छळ करून घेतले, या आरोपींच्या म्हणण्यात न्यायालयाला तथ्य दिसलं. तुलना अगदी तंतोतंत नाही हे मान्य. कसाब हत्यारासकट जिवंत सापडला होता. तरीही कबुलीजबाबाची पळवाट हाताशी असली की तपास त्याच वाटेने जातो, एवढं यातून दिसतंच. खरे गुन्हेगार कोण होते हे त्या सात डब्यांतल्या माणसांच्या घरच्यांना आजही कळलेलं नाही.

बाईचा मुद्दा इथपासूनच सुरू होतो, हे फारसं कोणाच्या ध्यानात येत नाही. महाराष्ट्रातल्या आजच्या स्त्री-चळवळीची सुरुवात कुठून झाली? पोलीस कोठडीतून. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस चौकीत मथुरा नावाने ओळखल्या गेलेल्या आदिवासी मुलीवर बलात्कार झाला, सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडलं, १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना जाहीर पत्र लिहिलं आणि १९८० मध्ये मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला. १९८३ ची कायदा-दुरुस्ती त्यातून आली. चार भिंतींआड वर्दीवाला आणि ताब्यातला माणूस असे दोघंच असतात, तेव्हा वर्दीवाल्याचा शब्द प्रमाण मानायचा नाही, हे या चळवळीने कायद्याच्या गळी उतरवलं. त्यानंतर टाडा आला, मकोका आला, दहशतवादविरोधी पोटा आला. कोठडीतला शब्द पुन्हा प्रमाण झाला. १९८३ ची दुरुस्ती आणि १९९९ चा मकोका एकाच राज्यात नांदतात आणि त्यांची गाठ घालून बघायची गरज कोणाला वाटत नाही. कारण एक 'महिलांचा विषय' आणि दुसरा 'सुरक्षेचा'.

लोकल खटल्यातले कैदी येरवडा, नाशिक, अमरावती, नागपूर असे राज्यभर विखुरलेले होते. एका मुलाखतीसाठी मुंबईहून नागपूर गाठायचं म्हणजे रात्रभराची गाडी, तुरुंगाच्या दारात आधारकार्ड घेऊन रांग, जाळीपलीकडे काही मिनिटं आणि परत रात्रभराची गाडी. तारखेला न्यायालयात वेगळं यायचं. वकील शोधायचा, त्याच्या फीचं बघायचं, मनीऑर्डर करायची, शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय काय लिहायचा ते ठरवायचं. घरमालक खोली सोडा म्हणतो तेव्हा दुसरी शोधायची, आणि मोहम्मद अली रोडपासून मीरा रोडपर्यंत कोणी देत नाही तेव्हा माहेरी जायचं. हे सगळं करते कोण? बायको, आई, बहीण. मुलीचं स्थळ मोडतं तेव्हा ऐकून घेते तीही तीच. या कामाला पगार नाही, रजा नाही आणि खटल्याच्या हजारो पानांत त्याची एक ओळ नाही. आरोपी निर्दोष सुटला तर कॅमेरे त्याच्या तोंडावर असतात. लोकल खटल्यातल्या बारांपैकी एकाला तर तेही मिळालं नाही. २०२१ मध्ये नागपूरच्या तुरुंगात करोनाने त्याचा मृत्यू झाला. निर्दोष ठरला तेव्हा त्याला जाऊन चार वर्षं झाली होती.

घाटकोपर स्फोटात पकडलेला परभणीचा तरुण अभियंता २००३ च्या जानेवारीत पोलिसांच्या ताब्यातून 'पळून गेला'. निदान पोलीस तसं म्हणाले. सीआयडीच्या तपासात ते टिकलं नाही आणि त्याच्या मृत्यूबद्दल चार पोलिसांवर खुनाचा खटला उभा राहिला. तो लावून धरला तो त्याच्या आईने. परभणी ते मुंबई उच्च न्यायालय ही वाट ती दोन दशकं तुडवत राहिली. त्या स्फोटातले इतर आरोपी २००५ मध्येच सुटले होते. आणि ज्यांच्यावर खटला होता ते चारही पोलीस जून २०२० मध्ये पुन्हा सेवेत घेतले गेले.

इथे एक गोष्ट बोलली पाहिजे, नाहीतर हा लेखही एका बाजूच्या टाळ्यांसाठी लिहिल्यासारखा होईल. मालेगाव खटल्यात साध्वी प्रज्ञासिंह ठाकूर यांनीही कोठडीत छळ झाल्याचं वारंवार सांगितलं. त्यांचं राजकारण मला अजिबात मान्य नाही, नथुराम गोडसेबद्दल त्या जे बोलल्या ते तर नाहीच नाही. पण कोठडीतल्या बाईच्या छळाच्या आरोपाची नीट, स्वतंत्र चौकशी व्हावी, हे म्हणताना तिची जपमाळ किंवा बुरखा बघायचा नसतो. पुरोगाम्यांनी त्या वेळी तोंडात मिठाची गुळणी धरली. आणि आज त्यांच्या सुटकेचा जल्लोष करणाऱ्यांना लोकल खटल्यातल्या कबुलीजबाबांविषयी काही म्हणायचं नाही. दोघांनी मिळून मकोका सुरक्षित ठेवला आहे.

आता जामीन. सामान्य फौजदारी कायद्यात एक जुनी, शहाणी तरतूद आहे. गुन्हा फाशी-जन्मठेपेचा असला तरी आरोपी स्त्री असेल, आजारी किंवा दुबळी असेल तर न्यायालय तिला जामीन देऊ शकतं. पूर्वीच्या संहितेत हे ४३७ वं कलम होतं, आताच्या नागरिक सुरक्षा संहितेत ४८० वं. काळा पैसा पांढरा करण्याविरुद्धचा पीएमएलए इतका जाचक, पण त्याच्याही ४५ व्या कलमात स्त्रियांसाठी ही सवलत ठेवलेली आहे. यूएपीएच्या ४३-ड (५) मध्ये ती नाही. आरोप सकृद्दर्शनी खरा वाटला की जामीन नाही. मग समोर गर्भवती असो की आदिवासींमध्ये काम करणारा चौऱ्याऐंशी वर्षांचा फादर स्टॅन स्वामी असो. २०२० च्या एप्रिलमध्ये दिल्लीत जामिया मिलियाच्या एका गर्भवती संशोधक विद्यार्थिनीला या कायद्याखाली टाळेबंदीत तुरुंगात टाकलं. जूनमध्ये सरकारनेच माणुसकीच्या नात्याने हरकत घेतली नाही म्हणून ती बाहेर आली. म्हणजे करोनाची साथ असताना गर्भवतीचा जामीन कायद्यावर नाही, सरकारी वकिलाच्या मर्जीवर ठरला. फादर स्टॅन यांच्यासाठी तेवढीही मर्जी झाली नाही. तळोजा तुरुंगातून वांद्र्याच्या रुग्णालयात नेलं आणि ५ जुलै २०२१ ला ते कैदी म्हणूनच गेले.

फादर स्टॅन ज्यात आरोपी होते त्याच भीमा कोरेगाव-एल्गार प्रकरणात नागपूर विद्यापीठाच्या इंग्रजी विभागप्रमुख प्रा. शोमा सेन जून २०१८ मध्ये पकडल्या गेल्या. निवृत्ती तोंडावर होती. दलित आणि आदिवासी स्त्रियांच्या प्रश्नांवर त्यांचं अनेक वर्षांचं काम. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना जामीन देताना म्हटलं की यूएपीएखालचे आरोप सकृद्दर्शनी खरे मानायला पुरेसा आधार दिसत नाही. सकृद्दर्शनी! म्हणजे पहिल्याच नजरेत जे दिसायला हवं ते दिसायला जवळपास सहा वर्षं लागली, आणि त्यातली बरीचशी भायखळ्याच्या महिला तुरुंगात गेली. याच प्रकरणातल्या, छत्तीसगडच्या कामगारांच्या वकील सुधा भारद्वाज डिसेंबर २०२१ मध्ये सुटल्या, पण मुंबई सोडायची नाही या अटीवर. ज्या कामगारांचे खटले त्या लढवत होत्या ते तिकडे, त्या इकडे. खटला अजून चालायचाच आहे, त्यामुळे निकालाबद्दल मी बोलत नाही. बोलतो ते निकालाआधीच भोगलेल्या शिक्षेबद्दल. सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये राज्यसभेत दिलेली आकडेवारी आहे: २०१६ ते २०१९ या चार वर्षांत यूएपीएखाली अटक ५,९२२ जणांना, दोषी १३२. अटक आणि निकाल यांच्यात वर्षं जातात, म्हणून या दोन आकड्यांचा सरळ भागाकार करता येत नाही. पण तुरुंगातली वर्षं जायची ती जातातच.

संस्थांवरचा मार इतका दिसत नाही, कारण तो कागदावर बसतो. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर सतरा दिवसांत संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने १३७३ वा ठराव केला आणि दहशतवादाची आर्थिक रसद तोडायचं काम सगळ्या देशांवर टाकलं. पुढच्याच महिन्यात एफएटीएफ या आर्थिक कारवाई गटाने शिफारशी काढल्या. त्यातल्या आठवीने स्वयंसेवी संस्था दहशतवाद्यांच्या वापराला विशेष बळी पडू शकतात असं लिहून टाकलं. जगभरच्या सरकारांना हवी ती काठी मिळाली. आपल्याकडे परदेशी देणग्यांचा कायदा आणीबाणीपासून होताच. २०१० मध्ये तो नव्याने केला, २०२० मध्ये आणखी आवळला. आता प्रत्येक संस्थेचा परदेशी निधी आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेत येतो. प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीसवर आली. आणि एका संस्थेने दुसरीला निधी पुढे देणं पूर्ण बंद.

हे शेवटचं कलम सगळ्यात जास्त कोणाला लागलं? मुंबईतली मोठी संस्था परदेशातून निधी आणायची, हिशेब-तपासणी सांभाळायची आणि त्यातला वाटा बीड-उस्मानाबादकडच्या एकल महिलांच्या छोट्या गटाला द्यायची. त्या गटाकडे इंग्रजी अर्ज लिहिणारं कोणी नाही, दिल्लीच्या शाखेत खातं उघडायला जाणारं कोणी नाही. साखळी तुटली की तळातलाच दुवा सुटतो, आणि तळाला बहुतेक वेळा बायकाच असतात. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये या दुरुस्त्या वैध ठरवल्या. परदेशी देणगी घेणं हा काही अनिर्बंध हक्क नाही, असं म्हणून. कायदेशीरदृष्ट्या ते बरोबरही असेल. आजवर वीस हजारांहून अधिक परवाने रद्द झालेत आणि त्यातले पुष्कळ निव्वळ विवरणपत्र न भरल्यामुळे, हेही खरं. पण रद्द झालेल्यांत लॉयर्स कलेक्टिव्ह ही मुंबई-दिल्लीत काम करणारी वकिलांची संस्थाही आहे. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा आज देशातली कुठलीही बाई वापरू शकते. तो घडवण्यात या संस्थेचा मोठा वाटा होता. २०१६ मध्ये नियमभंगाचं कारण देऊन तिचा परवाना गेला. दहशतवादाचा आरोप कोणी केला नाही. दहशतवादाच्या नावाने धार लावलेली हत्यारं अशी दुसरीकडेच चालतात.

एफएटीएफलाही पुढे शहाणपण आलं. २०१६ मध्ये त्यांनी आठव्या शिफारशीतले 'विशेष बळी' हे शब्द काढले आणि सप्टेंबर २०२४ च्या भारतावरच्या अहवालात दोन गोष्टी स्पष्ट म्हटल्या: खटले फार रेंगाळतात, आणि स्वयंसेवी संस्थांवरची बंधनं प्रत्यक्ष जोखीम बघून घाला, त्यांच्याशी बोला. सरकारने त्या अहवालातल्या कौतुकाची पत्रकं काढली. ही वाक्यं त्यात शोधावी लागतात.

या पार्श्वभूमीवर जनसुरक्षा विधेयक वाचलं. मसुद्यावर बारा हजारांहून अधिक सूचना-हरकती आल्या, समितीने काही बदल केले, 'कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तशा प्रकारच्या संघटना' असे शब्द आले. 'तशा प्रकारच्या' म्हणजे कशा प्रकारच्या, ते कोणी सांगत नाही. बेकायदा कृत्याच्या व्याख्येत सार्वजनिक सुव्यवस्थेला, शांततेला धोका होईल असं बोलणं, लिहिणं, खुणा करणं, कायद्याच्या अंमलात अडथळा आणणं, सगळं येतं. रेशन दुकानावर मोर्चा नेणाऱ्या बायका यात बसत नाहीत असं मंत्री तोंडी सांगतात. मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर लाटणी घेऊन मुंबईच्या रस्त्यावर उतरल्या तेव्हा त्या बसल्या असत्या का, हे कलमं वाचून सांगता येत नाही. सदस्य नसून मदत केली, आसरा दिला तरी शिक्षा आहे. आणि या सगळ्यात बाई मला ठळकपणे भेटली ती एका ठिकाणी. बंदी घातलेल्या संघटनेची जागा ताब्यात घेताना तिथे स्त्रिया आणि मुलं राहत असतील तर त्यांना बाहेर पडायला वाजवी वेळ द्यावा, असं तिथे लिहिलेलं आहे. इंग्रजांच्या १९०८ च्या कायद्यातही जवळपास हीच सोय होती. शंभर वर्षांत सरकारं बदलली, बाईला घराबाहेर काढताना दाखवायची सभ्यता तेवढी जशीच्या तशी राहिली.

मग सुरक्षेच्या विचारात बाई कुठेच नाही का? आहे, भाषणांत आहे. २६/११ च्या रात्री कामा रुग्णालयात अंजली कुलथे या परिचारिकेने वीस गरोदर बायकांना एका खोलीत लपवून वाचवलं. त्यातल्या एकीची प्रसूती त्या गोळीबारात झाली. डिसेंबर २०२२ मध्ये भारताकडे सुरक्षा परिषदेचं अध्यक्षपद असताना त्यांना परिषदेपुढे बोलायला दिलं. त्याआधी ऑक्टोबरात परिषदेची दहशतवादविरोधी समिती 'ताज'मध्ये बसून गेली होती. अभिमान वाटावा असाच प्रसंग. पण राज्याला अशा बाईची साक्ष हवी असते, सल्ला नको असतो. सरकारी रुग्णालयाच्या रात्रपाळीत एका परिचारिकेकडे किती खाटा असाव्यात, हा प्रश्न सुरक्षेचा आहे असं कोणी मानत नाही. सीएसटीवर पायात गोळी लागलेल्या त्या मुलीचा तर मेडल देऊन सत्कार झाला आणि पुढे घरासाठी तिला उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली.

दुसरी भूमिका आईची: मुलावर लक्ष ठेव, बिघडला तर आम्हाला सांग. संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिनिधी मार्टिन शाइनिन यांनी २००९ मध्येच लिंगभावाच्या अंगाने या धोरणांवर अहवाल देऊन बायकांना असं वापरण्यातले धोके सांगितले होते. सुरक्षा परिषदेच्या २०१५ च्या २२४२ व्या ठरावाने तरी स्त्रियांचा विषय दहशतवादविरोधाच्या आणखी पोटात नेऊन बसवला. आपल्याकडे २०१४ मध्ये कल्याणचे चार तरुण इराक-सीरियाकडे गेले, २०१५ मध्ये मुंबईतल्या मालवणीतून काही जण निघाले. या प्रकरणांत घरचेच पोलिसांकडे गेले होते. ही गोष्ट किती मोलाची आहे याची जाण सुरक्षा यंत्रणेला आहे का? मालवणीतली आई पोलीस ठाण्याची पायरी चढते ती 'माझ्या मुलाला परत आणा' म्हणून, 'आत टाका' म्हणून नव्हे. शेजारच्या गल्लीतला पोरगा नऊ वर्षं कच्च्या कैदेत राहून निर्दोष सुटला हे तिला माहीत असेल, तर ती कशाला जाईल? नवऱ्याने डोकं फोडलं तरी जाणार नाही. ठाण्याचा उंबरठा एकच असतो.

तो उंबरठा सोपा करायचं काम याच शहरात झालेलं आहे. १९८४ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबई पोलीस आयुक्तालयाच्या आवारात स्त्रिया आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्या इमारतीत, पण पोलीस नसलेल्या, प्रशिक्षित सामाजिक कार्यकर्त्या. पुढे तो राज्यभर आणि राज्याबाहेरही गेला. भिवंडीत १९८४ च्या भीषण दंगलीनंतर सुरेश खोपडे हे पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी पोलीस आणि दोन्ही समाजांतल्या रहिवाशांच्या मोहल्ला कमिट्या बांधल्या. १९९२-९३ मध्ये मुंबई जळत असताना शेजारची भिवंडी शांत राहिली. नंतर मुंबईत पोलीस अधिकारी राहिलेले ज्युलिओ रिबेरो आणि सतीश साहनी, तसंच कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांनी तो धागा उचलला. धारावीत भाऊ कोरडे आणि वकार खान यांनी आयुष्य त्यात घातलं. यातलं काहीच यूएपीएच्या भाषेत बसत नाही. त्यात अटक नाही, पत्रकार परिषद नाही, तोंडावर काळा बुरखा घातलेला आरोपी नाही. आणि 'काहीच घडलं नाही' यासाठी कोणाला पदक देत नाहीत.

पैसा मात्र दुसरीकडे जातो. २०१२ च्या दिल्लीतल्या बलात्कारानंतर निर्भया निधी उभा राहिला. त्यातून मुंबई पोलिसांना गाड्या मिळाल्या, आणि डिसेंबर २०२२ मध्ये बातम्या आल्या की त्यातल्या काही बोलेरो आमदार-खासदारांच्या वाय-प्लस सुरक्षेसाठी वळवल्या आहेत. बोंबाबोंब झाल्यावर सारवासारव झाली. पण मनातला क्रम त्यातून कळला: धोका म्हटलं की आधी आमदाराचा, मग बाईचा.

मागण्या फार मोठ्या नाहीत. मकोकातलं कबुलीजबाबाचं कलम काढा. २६/११ चा खटला त्याच्याशिवाय जिंकला गेला. यूएपीएत स्त्रिया, आजारी आणि वृद्धांसाठी पीएमएलएइतकी तरी सवलत आणा. परदेशी देणगीचा वाटा छोट्या संस्थेला देण्याची मुभा हिशेबाच्या अटीसह परत द्या. जनसुरक्षा कायद्यातली 'तशा प्रकारच्या' ही मोकळी जागा बंद करा. आणि चुकीने खटला भरलेल्यांना भरपाई देणारा कायदा करा. विधी आयोगाने ऑगस्ट २०१८ मध्ये आपल्या २७७ व्या अहवालात तो सुचवला आहे, तेव्हापासून अहवाल पडून आहे. तो कायदा कधी झालाच, तर भरपाईच्या अर्जात सुटलेल्या माणसाच्या बुडालेल्या पगाराच्या खाली आणखी एक रकाना हवा: त्याच्या गैरहजेरीत घर, मुलं, वकील आणि तुरुंगाच्या वाऱ्या ज्यांनी सांभाळल्या त्यांच्या कामाचा. आणि त्या रकान्यापुढची रक्कम त्या बाईच्या खात्यावर जमा व्हावी, त्याच्या नव्हे.